संशयात्मा नीलकंठशास्त्री

एकोणिसाव्या शतकातील धर्मचर्चेच्या इतिहासात दोन चित्पावन ब्राह्मणांची नावे सहसा एकत्र घेतली जात नाहीत. पण ती घ्यावीत असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दोघांचाही जन्म १८२५ सालचा. पहिले विष्णुबुवा ब्रह्मचारी. आपले तळोजे ज्या रायगड जिल्ह्यात येते (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा), त्याच जिल्ह्यातील शिरवली गावचे हे विष्णु भिकाजी गोखले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी मिशनऱ्यांशी जे वाद घातले त्यांची कीर्ती अजून टिकून आहे, आणि आपल्या भागाला त्यांचा अभिमान वाटणे साहजिक आहे. दुसरे नीलकंठशास्त्री गोऱ्हे. तेही मिशनऱ्यांशी वाद घालायलाच घराबाहेर पडले. विष्णुबुवा वाद घालून परत आले. नीलकंठशास्त्री परत आले नाहीत.

ख्रिस्ती झालेल्या शास्त्र्याचे चरित्र म्हटले की आपल्याकडे वाचकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, बाटला. दुसरा म्हणतो, तरला. दोन्ही शब्दांनी विचार थांबतो. गोऱ्ह्यांच्या आयुष्यात लक्ष देण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. एखादा धर्म खरा आहे हे ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध करता येते काय, या प्रश्नाला या एकाच माणसाने आयुष्यात दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली, आणि दोन्ही वेळा जीव ओतून दिली.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात, झाशीनजीकच्या काशीपुरा गावी झाला. घराणे मूळचे कोकणस्थ, पण उत्तरेत स्थिरावलेले. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे कुटुंब काशीला येऊन राहिले. काशीतील दक्षिणी पंडितांच्या वस्तीत नीलकंठाचे व्याकरण आणि न्याय या शास्त्रांचे अध्ययन झाले. घरची उपासना शिवाची. तरुण नीलकंठाने ती सोडून विष्णुभक्ती धरली. चरित्रकार ही गोष्ट ओझरती सांगतात, पण मला ती महत्त्वाची वाटते. वडिलार्जित म्हणून एखादी गोष्ट मानावयाची नाही, तपासून मानावयाची, हा स्वभाव तेथेच दिसतो.

त्या वेळी काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी रस्त्यात उभे राहून उपदेश करीत. त्यांना निरुत्तर करावे म्हणून १८४४-४५ च्या सुमारास नीलकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊ लागले. त्याच सुमारास त्यांच्या हाती जॉन म्यूर यांचे मतपरीक्षा हे संस्कृत पद्यात लिहिलेले पुस्तक आले. म्यूर हे कंपनी सरकारचे अधिकारी आणि संस्कृतचे उत्तम जाणकार. १८४४ साली ते काशीच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुखही होते. खरा धर्म ओळखण्याच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या होत्या: संस्थापकाच्या ठायी चमत्कार करण्याचे सामर्थ्य असावे, ग्रंथ पवित्र असावा, आणि तो सर्व मानवजातीसाठी असावा. यांतली पहिली खूण इतिहासावर उभी होती. येशूचे चमत्कार व पुनरुत्थान प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितले, त्यासाठी त्यांनी छळ सोसला, म्हणून ती साक्ष विश्वसनीय. पुराणांतील चमत्कारांना असे साक्षीदार नाहीत, ते निव्वळ काव्यालंकार होत, असा एकंदर रोख. हा विचार म्यूर यांचा एकट्याचा नव्हे. विल्यम पेली यांनी १७९४ साली प्रसिद्ध केलेल्या पुराव्यांच्या ग्रंथापासून तो इंग्रजी शिक्षणात रुजला होता.

म्यूर यांना संस्कृतातून तीन उत्तरे गेली. पहिले सोमनाथ या नावाने. या नावाआड सुबाजी बापू हे मराठी पंडित होते असे अभ्यासक मानतात. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत तीक्ष्ण, विशीतल्या नीलकंठाचे: शास्त्रतत्त्वविनिर्णय.

या ग्रंथात शिवीगाळ नाही. प्रतिपक्षाला त्याच्याच मापाने मोजण्याची नैयायिकाची शिस्त आहे. चमत्कार ही खूण मानली तर ते आमच्या ग्रंथांतही भरपूर आहेत. तुमचे तेवढे खरे आणि आमचे खोटे हे कोणत्या न्यायाने? तर्काने आमची शास्त्रे तपासणार असाल तर तोच तर्क तुमच्या ग्रंथालाही लावा. तो लावला तर अडचणी किती! पूर्वजन्म मानला नाही तर एक जन्मतः आंधळा आणि दुसरा राजपुत्र, यात ईश्वराचा न्याय कोठे राहिला? मुक्या प्राण्यांनी दुःख भोगावे असा त्यांचा अपराध कोणता? चार दिवसांच्या आयुष्यातील पापासाठी अनंतकाळ नरक, ही कोणती दया? अखेर शास्त्र श्रद्धेने धरावे लागते, तर्काने तिच्या मागून चालावे, हा त्यांचा निष्कर्ष. पुराव्याच्या जोरावर धर्माधर्मांचा निवाडा होत नाही, हे त्यांचे पहिले उत्तर.

येथे क्षणभर न्यायशास्त्राकडे वळले पाहिजे, म्हणजे पुढची उलथापालथ कळेल. नैयायिक चार प्रमाणे मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि जी जशी कळली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. इतिहासातल्या साक्षीचा सगळा प्रश्न या व्याख्येत सामावतो. येशू नावाचा पुरुष होऊन गेला आणि पाँतियस पिलाताच्या अमदानीत त्याला मृत्युदंड झाला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसही नोंदवतो, आणि तो ख्रिस्ती लोकांचा मित्र खास नव्हता. पौलाची पत्रे त्या घटनेनंतर वीस-तीस वर्षांच्या आत लिहिली गेली. एवढ्यापुरते आप्तवाक्य बळकट आहे. परंतु मेलेला पुरुष पुन्हा उठला, ही साक्ष आली की साक्षीदाराचा प्रामाणिकपणा मान्य करूनही ऐकणारा अडखळतो. कारण तेथे साक्षीच्या विरुद्ध पलड्यात आपला रोजचा सगळा अनुभव बसलेला असतो. नीलकंठशास्त्र्यांनी ही अडखळण दोन्ही बाजूंनी अनुभवली.

स्मिथसाहेबांशी चर्चा थांबल्या नाहीत. खंडनासाठी म्हणून वाचायला घेतलेल्या शुभवर्तमानातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढले. इतिहासाचा पुरावा मागाहून आला, आधी एका व्यक्तीच्या शिकवणीचे आकर्षण आले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चार-एक वर्षे ओढाताण चालली. १४ मार्च १८४८ रोजी काशीबाहेर, जौनपूर येथे, त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले.

किंमत लगेच मोजावी लागली. पिता, घर, जात, काशीच्या पंडितसभेतील जागा, सारे गेले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, ख्रिस्ती झाल्या, आणि १८५३ साली कन्या एलन लक्ष्मी हिच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारल्या. मुलगी परक्यांच्या घरी वाढली. (हीच एलन पुढे इंग्रजी भक्तिगीतांसाठी ओळखली गेली.) इतके गमावून तरी मनाला शांती मिळाली म्हणावे, तर तेही नाही. बाप्तिस्मा झाल्याबरोबर शंका पुन्हा उसळल्या, आणि त्या थोड्याफार फरकाने जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिल्या. काशीत ज्या शंका त्यांनी शत्रूवर सोडल्या होत्या त्याच आता त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

१८५४ साली महाराजा दलीपसिंग यांच्या परिवारात ते इंग्लंडला गेले. तेथे ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांची त्यांची भेट झाली. पुढे १८९९ साली आपल्या भारतीय मित्रांच्या आठवणी लिहिताना म्युलरनी या भेटीचे जे वर्णन केले आहे ते वाचून वाईट वाटते. ख्रिस्ती राष्ट्र म्हणजे ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणे चालणारे राष्ट्र, अशा भाबड्या अपेक्षेने हा पंडित लंडनला गेला होता. तेथील रस्त्यांवर जे दिसले त्याने तो इतका खिन्न झाला की हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण आपल्या देशी परत गेलेले बरे, असे त्याने म्युलरना सांगितले. जिवंत माणसांचे वर्तन हाही एक पुरावाच असतो, आणि ग्रंथांतील पुराव्यांपेक्षा तो अधिक बोलका असतो, हे मिशनऱ्यांच्या लक्षात सहसा येत नसे. गोऱ्ह्यांच्या आले.

तरी ते धर्म सोडून गेले नाहीत. भारतात परतून त्यांनी १८६० साली षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला. सहा दर्शनांचे खंडन करणारा हा ग्रंथ त्या दर्शनांत मुरलेल्या माणसाने लिहिला असल्याने विरोधकांनाही तो डावलता आला नाही. दोनच वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल यांनी तो इंग्रजीत आणला. १८६८ साली त्यांनी अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावर पुस्तक लिहिले. विशीत ज्या सिद्धान्ताची त्यांनी दया कोठे म्हणून खिल्ली उडवली होती, त्याचेच हे समर्थन! ते मला पटत नाही, आणि तरुण नीलकंठाचा प्रश्न मला अजूनही जास्त बिनतोड वाटतो. पण हा माणूस पळवाटेने गेला नाही, जे ठिकाण त्याला सर्वांत दुखत होते तेथेच तो उभा राहिला, हे मान्य केले पाहिजे. १८७० साली ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले. पुढे काउलीच्या संन्यस्त बंधूंच्या संघात त्यांनी प्रवेश केला, मात्र कायमची व्रते कधी घेतली नाहीत, अखेरपर्यंत उमेदवारच राहिले. यातही त्यांचा स्वभाव दिसतो.

महाराष्ट्राशी त्यांचा खरा संबंध आला तो येथून पुढे. पुण्यातील पंचहौद मिशन म्हटले की आपल्याला १८९० चे रानडे-टिळकांचे चहाचे प्रकरण आठवते. पण त्याच मिशनशी फादर गोऱ्ह्यांचेही नाव जोडलेले आहे. १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला होता. ही सुशिक्षित, एकेश्वरवादी, मूर्तिपूजा न मानणारी मंडळी हेच गोऱ्ह्यांचे मुख्य श्रोते. मुंबई-पुण्यात त्यांनी त्यांच्यापुढे व्याख्याने दिली, ती १८७५ साली छापली गेली.

त्या व्याख्यानांतला युक्तिवाद इतिहासाचा आहे, पण पेलीच्या तऱ्हेचा नाही. गोऱ्हे विचारतात ते असे: शून्यातून सृष्टी करणारा, पवित्र, पित्यासारखा एकच ईश्वर तुम्ही मानता, ही कल्पना तुम्हाला आली कोठून? निव्वळ बुद्धीने, असे म्हणाल तर ग्रीक आणि भारतीय यांच्याहून तल्लख बुद्धी कोणाची होती? त्यांना हजारो वर्षांत ती का सापडली नाही, आणि पॅलेस्टाइनच्या कोपऱ्यातील एका लहानशा जातीला कशी सापडली? उपनिषदांत तुम्ही ती वाचता म्हणता. पण ती तेथे नाही, हे मी त्याच शास्त्रांचा विद्यार्थी म्हणून सांगतो. तुम्ही बायबलचे दूध पिऊन वाढला आहात आणि आईचे नाव सांगत नाही आहात. साक्षीदार मोजण्यापेक्षा विचारांची वंशावळ शोधणारा हा पुरावा होय, आणि गोऱ्ह्यांची स्वतःची म्हणता येईल अशी ही देणगी आहे. तो निर्णायक आहे काय? नामदेव-तुकारामांच्या मुलखात हे म्हणणे तसेच्या तसे पचणे शक्य नव्हते. ईश्वराला मायबाप म्हणायला वारकऱ्यांनी बायबलची वाट पाहिली नव्हती. शिवाय एखादी कल्पना कोठून आली हे कळल्याने ती खरी ठरत नाही, हे नैयायिकाला सांगण्याची गरज नसावी. तथापि आपल्या सुधारकांनी पाश्चात्त्यांकडून नेमके काय घेतले याचा हिशेब मांडा, ही त्यांची मागणी रास्त होती.

या युक्तिवादाने एक व्यक्ती मात्र हलली: पंडिता रमाबाई. वैधव्यानंतर १८८२ साली त्या पुण्यास आल्या तेव्हा गोऱ्ह्यांशी त्यांचा परिचय झाला. ज्या ब्राह्म मतावर त्या समाधानी होत्या त्याची मुळे हिंदू शास्त्रांत नाहीत, हे त्यांना त्यांनीच पटवले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपली बुद्धी गोऱ्ह्यांच्या लेखनाने पटली हे १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनात त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे. पण तेथेच त्यांनी पुढची गोष्टही सांगितली आहे: बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. गुरूने दिलेल्या पुराव्यांनी त्या दारापर्यंत पोचल्या. आत त्या स्वतःच्या पायांनी, वेगळ्या वेळी गेल्या. गुरूला स्वतःला तेवढेही निश्चिंतपण लाभले की नाही, अशी शंका त्यांच्या चरित्रातून मनात राहते.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर गोऱ्हे वारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच शहरात, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. टिळकांची वाट निराळी होती. ते तुकारामाचे बोट धरून ख्रिस्ताकडे गेले, आणि मराठी ख्रिस्ती समाजाने पुढे त्यांचीच गाणी गायिली. गोऱ्ह्यांचे ग्रंथ कपाटात राहिले.

शास्त्रतत्त्वविनिर्णय लेखकाच्या हयातीत प्रकाशात आला नाही. ज्या धर्मासाठी त्याने सर्वस्व सोडले त्याच्याच विरुद्ध लिहिलेले ते हस्तलिखित शंभर वर्षे पडून होते. शेवटी १९५१ साली उज्जैनहून पंडित स. ल. कात्रे यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. विशीतल्या नीलकंठाचे प्रश्न त्यात आजही जसेच्या तसे वाचायला मिळतात. उत्तरार्धातील फादर नेहेम्यांनी त्यांना दिलेली उत्तरे वाचायची तर दुसरे पुस्तक उघडावे लागते.