गिटारवाल्यांच्या हाती बेस देणारा रेडिओ मेकॅनिक : लिओ फेंडर

बेळगावचा गणेशोत्सव असो, गोव्यातलं फेस्त असो की इंदूरच्या एखाद्या कॉलेजचं गॅदरिंग, नवा बँड उभा राहतो तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. गिटारवाले दोन-तीन मिळतात, ड्रमवाला मिळतो, पण बेस वाजवायला कुणी नसतं. शेवटी गिटारवाल्यांपैकीच एकाच्या गळ्यात बेस गिटार पडते. मग कोणती घ्यायची, गिटारचा जुना अॅम्प चालेल का, बोटांना जमेल का, असे प्रश्न सुरू होतात.

या प्रश्नांवर सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका माणसानं डोकं खपवलं होतं. तो वादक नव्हता. त्याला गिटार वाजवताही येत नव्हतं. तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचं नाव लिओ फेंडर.

संत्र्याच्या बागेतला पोरगा

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, अॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आई-वडिलांची संत्र्याची बाग होती. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या लिओला लहानपणीच मोठा धक्का बसला. आजारपणात एक डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. पुढचं सगळं आयुष्य, बारीक तारा जोडण्याचं आणि सोल्डरिंगचं सगळं काम, त्यांनी एकाच डोळ्यावर केलं.

लहानपणी पियानो आणि सॅक्सोफोन शिकून झाले, पण जीव रमला तो रेडिओत. त्यांच्या काकांचं वाहनांच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. तिथं ऐकलेल्या मोठ्या आवाजाच्या रेडिओनं त्यांना वेड लावलं. शिक्षण मात्र हिशेबनिशीचं झालं. इलेक्ट्रॉनिक्स ते घरच्या घरी, हातानं करून करूनच शिकले.

१९३४ मध्ये एस्थर यांच्याशी लग्न झालं. नोकऱ्या हिशेब लिहिण्याच्या होत्या. मंदीच्या त्या काळात नोकरी गेली, तेव्हा ६०० डॉलर कर्ज काढून १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. रेडिओ, ग्रामोफोन, लाऊडस्पीकर, जे बिघडेल ते तिथं यायचं. गावातले वादकही आपले अॅम्प्लिफायर घेऊन येऊ लागले. वादकांच्या तक्रारी ऐकता ऐकता, हे बनवणाऱ्यांनी असं का बनवलंय, हा विचार लिओंच्या डोक्यात सुरू झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डॉक कॉफमन या मित्राबरोबर त्यांनी मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारी आणि अॅम्प बनवले. १९४६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. काही वर्षांत भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिचं पहिलं नाव दुसऱ्या कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्यानं बदलावं लागलं आणि १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली.

अडचण कुणाची होती?

त्या काळी बेस म्हणजे डबल बेस. माणसाच्या उंचीचं, व्हायोलिनच्या घराण्यातलं वाद्य. गाडीत मावायचं नाही, जपून न्यावं लागायचं, आणि नाचाच्या हॉलमध्ये इलेक्ट्रिक गिटार व ड्रम सुरू झाले की त्याचा आवाज बुडून जायचा. मोठे बँड मोडून चार-पाच जणांचे बँड निघाले होते. गिटारवाल्यानं गरज पडली तर बेसही वाजवावा, अशी अपेक्षा वाढत होती. पण डबल बेसला पडदे नसतात. बोट जरा इकडे-तिकडे झालं की सूर गेला. गिटारवाल्याची सवय पडद्यांची, म्हणजे फ्रेटची.

लिओंनी ही अडचण मेकॅनिकच्या नजरेनं पाहिली. डबल बेस छोटी करत बसण्यापेक्षा गिटारच मोठी करायचं त्यांनी ठरवलं. १९५१ च्या अखेरीस प्रिसिजन बेस आली. चार तारा, भरीव लाकूड, वीस पडदे. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन.

तारा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच, ई, ए, डी, जी, फक्त एक सप्तक खाली. म्हणजे गिटारवाल्याला स्वरांच्या जागा नव्यानं पाठ करायची गरज नाही. नवीन होती ती लांबी. टेलिकास्टरवर तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच होती. खर्जाच्या जाड तारेला एवढ्यात ताण येत नाही, ती सैल पडते. आणि डबल बेसइतकी, चाळीस इंचांच्या पुढे नेली तर बोटं पोचत नाहीत. लिओंनी ३४ इंच ठरवली. आजही बहुतेक बेस गिटारींची लांबी तीच असते.

लांब मान एका बाजूला झुकू नये म्हणून वरचं शिंग पुढं काढलं. अंगठ्यानं तार छेडणाऱ्याला बोटं टेकवायला लाकडाची पट्टीही दिली.

इलेक्ट्रिक बेसचा विचार करणारे लिओ पहिले नव्हते. सिएटलमध्ये पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडद्यांची, आडवी धरायची इलेक्ट्रिक बेस केली होती. पण ती फारशी पसरली नाही. कारखान्यात सतत तयार होणारी, दुकानात मिळणारी आणि सोबत योग्य अॅम्प असलेली बेस लिओंनी दिली.

अर्धं काम अॅम्पचं

बेस घेताना बहुतेक जण इथं फसतात. वाद्यावर सगळे पैसे जातात आणि अॅम्पची वेळ आली की खिसा रिकामा. लिओंना हे सुरुवातीपासून कळलं होतं, कारण त्यांचं पहिलं प्रेम गिटार नव्हतं, अॅम्प्लिफायर होतं.

खर्जाचा स्वर कानापर्यंत पोचवायला स्पीकरला खूप हवा ढकलावी लागते. गिटारच्या छोट्या स्पीकरवर मोठ्या आवाजात बेस वाजवली तर आवाज फाटतो आणि स्पीकरही जातो. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी बेसमन नावाचा वेगळा अॅम्प काढला. त्यात १५ इंचांचा एक स्पीकर होता. ताकद आजच्या मानानं थोडीच, २५ वॅटच्या आसपास. पुढे दशकाच्या मध्यावर दहा इंचांचे चार स्पीकर असलेला बेसमन आला.

मग गंमत झाली. बेससाठी बनवलेला हा अॅम्प गिटारवाल्यांनीच उचलला. आवाज वाढवला की त्यात जो गोड खरखरीतपणा यायचा, तो त्यांना आवडला. १९६२ मध्ये लंडनचे दुकानदार जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बेसमनच्या सर्किटवरून आपला पहिला अॅम्प बांधला. रॉक संगीतातला मार्शलचा आवाज मुळात बेसच्या अॅम्पमधून निघाला.

वादकांनी स्वीकारली कशी?

सुरुवातीला या वाद्याकडे अनेकांनी संशयानं पाहिलं. लायनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ बँडमध्ये ती आली, तेव्हा बेसवादक कुठं आहे असा प्रश्न ऐकणाऱ्यांना पडायचा. त्याच बँडमध्ये पुढे मंक माँटगोमेरी यांनी ती नावारूपाला आणली.

१९५७ मध्ये एल्व्हिस प्रेस्लींच्या एका रेकॉर्डिंगची गोष्ट सांगितली जाते. त्यांचे बेसवादक बिल ब्लॅक डबल बेसचे. नव्या फेंडर बेसवर त्यांचा हात बसेना, तेव्हा वैतागून त्यांनी ती बाजूला टाकली आणि गिटार वाजवणाऱ्या एल्व्हिसनं ती उचलून तो भाग वाजवला. लिओंनी वाद्य कुणासाठी केलं होतं, ते या प्रसंगात दिसतं.

लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये गिटार वाजवणाऱ्या कॅरल के यांचंही असंच झालं. १९६३ च्या सुमारास एका रेकॉर्डिंगला बेसवादक आलाच नाही. कॅरल यांनी बेस हाती घेतली आणि पुढे त्या अमेरिकेतल्या सर्वांत मागणी असलेल्या बेसवादकांपैकी एक झाल्या. गिटारच्या सवयीप्रमाणे त्या पिक वापरूनच वाजवायच्या.

कंपनी गेली, नावही गेलं

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर, १९६० मध्ये जॅझ बेस. धंदा वाढत होता, पण लिओंची तब्येत खचत होती. सायनसचा संसर्ग वर्षानुवर्षं बरा होत नव्हता. आपण फार दिवस काढणार नाही, अशी त्यांची समजूत झाली. कामगारांचं आणि कंपनीचं पुढे काय, या काळजीत त्यांनी विक्रीचा निर्णय घेतला. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीनं १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर विकत घेतली.

त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी जोरदार अँटिबायोटिक दिलं आणि लिओ ठणठणीत झाले! मरणाच्या भीतीनं विकलेली कंपनी परत मिळणार नव्हती. स्वतःचं आडनाव वाद्यावर लावायचा हक्कही गेला होता.

दुसरा कुणी असता तर पैसे मोजत बसला असता. लिओ पुन्हा वर्कशॉपमध्ये शिरले. म्युझिक मॅन कंपनीसाठी त्यांनी केलेली स्टिंगरे बेस १९७६ मध्ये आली. तिच्या आतच बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट होतं, त्यामुळे आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वाद्यावरच कमी-जास्त करता येत. १९७९ मध्ये एस्थर गेल्या. त्याच सुमारास जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत त्यांनी जी अँड एल ही कंपनी उभारली. १९८० मध्ये फिलिस यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

पार्किन्सननं हात थरथरू लागले, तरी ते रोज कामावर येत राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांच्या नावाचा समावेश झाला.

आज बेस घेणाऱ्यासाठी

लिओंच्या कामातून गिटारवाल्याला सरळ हिशेब मिळतो. पहिली बेस चार तारांची आणि ३४ इंचांची घेतली तर गिटारचं शिकलेलं बरंचसं कामी येतं. हात लहान असेल तर ३० इंचांच्या आसपासची आखूड बेस पाहावी. गिटारचा अॅम्प घरी हळू आवाजात चालेल, पण ड्रमसोबत बसायचं तर बेसचा वेगळा अॅम्प हवाच. त्यामुळे बजेट आधीच दोन भागांत वाटून दुकानात जावं, आणि वाद्य उभं राहून, पट्टा गळ्यात घालून तपासावं. मान खाली झुकते का, वजन पेलतं का, हे बसून कळत नाही.

ज्या माणसाला स्वतः गिटार वाजवता येत नव्हतं, त्यानं हे सगळं दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ऐकून शोधलं.