म्हाइंभटांचा कुलूपबंद ग्रंथ

होस्टेलमध्ये ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर एक तरी लॉक केलेला फोल्डर असतोच. पासवर्ड, एन्क्रिप्शन हे सगळं आपल्याच जमान्यातलं, असं मला वाटायचं. सुट्टीत आंजर्ल्याला घरी म्हाइंभटांबद्दल वाचलं (कॉन्व्हेंटमध्ये हे नाव कधी कानावरच आलं नव्हतं) आणि कळलं, की मराठी गद्यातला पहिला मोठा चरित्रग्रंथ शेकडो वर्षं कुलपात होता!

म्हाइंभट तेराव्या शतकातले, सराळ्याचे. मोठे शास्त्री, आणि विद्येचा तोराही तेवढाच. चक्रधरस्वामींशी वाद घालायला गेले आणि त्यांचेच शिष्य होऊन बसले. स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर म्हाइंभट विदर्भात रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या सहवासात राहिले आणि स्वामींच्या आठवणी गोळा करू लागले. ज्याने प्रसंग पाहिला त्यालाच गाठायचं, विचारायचं, मग नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टला एवढी मेहनत कोण घेतो? 1278 च्या सुमारास 'लीळाचरित्र' तयार झालं. भाषा साधी, माणसं बोलतात तशी.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. बॅकअप होता तो माणसांच्या डोक्यात. हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला, म्हणून तर आज त्याचे वेगवेगळे पाठ मिळतात.

त्याच शतकात महानुभावांनी सकळ लिपी काढली. तिचं श्रेय रवळोबासांना देतात. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर लिहायचं, आणि किल्ली फक्त गुरूकडून शिष्याला. नंतर सुंदरीसारख्या आणखी लिप्या आल्या. आजच्या हिशोबाने हे कुलूप कच्चं. कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं की उघडतं. पण पोथीच परक्याच्या हाती लागत नसे, मग मोजणार कोण?

मला खटकतं ते एवढंच, की बाकीचा महाराष्ट्र एवढ्या सुंदर गद्याला मुकला. पण आपला पवित्र ग्रंथ कुणाला दाखवायचा हे ज्याचं त्यानेच ठरवायचं ना! आपण तरी फोल्डर का लॉक करतो? फरक असा, की आज पासवर्ड विसरलात तर चांगल्या एन्क्रिप्शनपुढे कुणाचंच काही चालत नाही. लीळाचरित्राला आधी हिराइसा भेटल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीचं कोडं सोडवणारे वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे. पुढे ह. ना. नेने यांनी ते छापून काढलं, आणि म्हाइंभटांचं लिखाण साध्या बाळबोध अक्षरांत कुणालाही वाचता येऊ लागलं.