लखनौ ते मटियाबुर्ज : नवाब वाजिद अली शाह यांचा दस्तरखान

युनेस्कोने २०२५ मध्ये लखनौचा समावेश पाककलेसाठी ओळखल्या जाणाऱ्या सर्जनशील शहरांच्या यादीत केला. अमौसीच्या विमानतळावर उतरून दोन दिवसांसाठी शहरात येणाऱ्या पर्यटकाला इमामबाड्याइतकीच ओढ चौकातील निहारी-कुलच्याची आणि अमीनाबादच्या कबाबांची असते. या खाद्यपरंपरेशी ज्यांचे नाव सर्वाधिक जोडले जाते, ते वाजिद अली शाह मात्र हे शहर कायमचे सोडून गेले होते. मार्च १८५६ मध्ये त्यांनी लखनौ सोडले, ते कानपूरच्या वाटेने. अमौसी आज त्याच कानपूर मार्गावर आहे.

वाजिद अली शाह यांचा जन्म ३० जुलै १८२२ रोजी लखनौ येथे झाला. पिता अमजद अली शाह यांच्या निधनानंतर फेब्रुवारी १८४७ मध्ये ते अवधच्या गादीवर बसले. 'अख्तर' या नावाने ते काव्यरचना करीत. ठुमरी आणि कथक यांना त्यांनी उदार आश्रय दिला. त्यांनी उभारलेल्या कैसरबागेतील परीखान्याच्या वास्तूत पुढे पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये सुरू झालेले संगीत महाविद्यालय नांदू लागले, ही गोष्ट मराठी रसिकांना ठाऊक आहेच.

संगीताइतकेच मोल या दरबारात भोजनाला होते. ही परंपरा त्यांच्या आधीची. शुजाउद्दौला यांच्या फैजाबादेतील मुदपाकखान्यांचा खर्च प्रचंड होता आणि असफउद्दौला यांनी १७७५ मध्ये राजधानी लखनौला हलविल्यावर आचारीही तेथे आले. या मंडळींत कामाची विभागणी काटेकोर असे. मोठ्या देगांतून अनेकांचे अन्न शिजविणारा तो बावर्ची. मोजक्या माणसांसाठी नजाकतीचे पदार्थ सिद्ध करणारा तो रकाबदार, आणि त्याचा मान अर्थातच वरचा. भांड्याचे झाकण कणकेने लिंपून, खाली-वर निखारे ठेवून मंद आचेवर अन्न शिजविण्याची 'दम' पद्धत येथे फार पुढे गेली. आपल्याकडे लखनौ म्हटले की बिर्याणी आठवते. पण जुन्या लखनौच्या दर्दी खवय्यांना पुलाव अधिक प्रिय होता आणि बिर्याणी त्यांना किंचित भडक वाटे.

या दरबारांच्या अनेक आख्यायिका अब्दुल हलीम शरर (१८६०-१९२६) या उर्दू लेखकाने नोंदवून ठेवल्या आहेत. शरर यांचे बालपण वाजिद अली शाह यांच्या उत्तरायुष्यातील वसाहतीतच गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनाला वेगळे मोल आहे. त्यांतील एक प्रसंग मोठा गमतीचा आहे.

दिल्लीच्या राजघराण्यातील मिर्झा आसमान कद्र लखनौला आले असता वाजिद अली शाह यांनी त्यांना भोजनास बोलाविले. दस्तरखानावर मुरंबा मांडलेला होता. पाहुण्यांनी तो चाखला आणि ते चकित झाले, कारण तो मुरंबा नव्हताच. तो मांसाचा कोरमा होता. दिल्लीच्या जाणकाराला फसविल्याचा यजमानांना आनंद झाला. काही दिवसांनी मिर्झांनी परतीचे निमंत्रण दिले. काही तरी गंमत होणार याची कल्पना असूनही वाजिद अली शाह फसले. पुलाव, कोरमा, कबाब, रोट्या, लोणची असे नाना पदार्थ समोर होते आणि त्यांतील प्रत्येक पदार्थ साखरेचा निघाला. ताटे-वाट्या आणि खाली अंथरलेले वस्त्रदेखील साखरेचे होते, असे सांगतात. शेवटचा तपशील आख्यायिकेत भर पडावी तसा वाटतो. पण स्वतःच्या फजितीवर हसणाऱ्या राजाचे चित्र त्यातून उभे राहते, हे खरे.

अशाच कथा पुढे अवधच्या विरोधातील पुरावा म्हणून वापरल्या गेल्या. पूर्वीचे राजे गाजीउद्दीन हैदर यांचा आचारी रोज सहा पराठ्यांसाठी तीस शेर तूप घेत असे, अशी एक कथा आहे. वजिराने तुपाला कात्री लावली, पराठे बिघडले आणि राजाने आचाऱ्याला नव्हे, वजिरालाच धारेवर धरले. उधळपट्टी नव्हती असे म्हणता येणार नाही. रेसिडेंट स्लीमन यांनी ग्रामीण भागातील अंदाधुंदीचे जे वर्णन केले, तेही निव्वळ कल्पित नव्हते. मात्र ज्या कंपनीने हा ठपका ठेवला, तिनेच १८०१ च्या तहाने अवधचा जवळपास निम्मा मुलूख घेतला होता. ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

डलहौसी यांनी सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर व झाशी १८५४ मध्ये खालसा केली, ती औरस वारस नसल्याचे कारण पुढे करून. अवधला वारस होते. त्यामुळे तेथे गैरकारभाराचे कारण देण्यात आले. फेब्रुवारी १८५६ मध्ये रेसिडेंट औट्रम यांनी तहाचा कागद पुढे ठेवला. वाजिद अली शाह यांनी आपली पगडी उतरवून औट्रम यांच्या हाती दिली, परंतु सही केली नाही. लढाईही केली नाही. सत्यजित राय यांच्या १९७७ मधील 'शतरंज के खिलाडी' या चित्रपटाने हा काळ घराघरांत पोहोचविला. विलासात बुडालेला राजा अशी त्यांची प्रतिमा रूढ असली, तरी ते मद्याला शिवत नसत आणि नमाज चुकवीत नसत.

लंडनला जाऊन दाद मागण्याच्या इराद्याने निघालेले वाजिद अली शाह मे १८५६ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. प्रकृतीमुळे पुढचा प्रवास त्यांना जमला नाही. त्यांच्या मातोश्री मलिका किश्वर इंग्लंडला गेल्या; तेथे निराशाच पदरी आली आणि परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. इकडे उठावाच्या धामधुमीत वाजिद अली शाह यांना सुमारे दोन वर्षे फोर्ट विल्यममध्ये कैदेत ठेवण्यात आले. लखनौत लढा उभारला तो बेगम हजरत महल यांनी.

सुटकेनंतर हुगळीच्या काठी मटियाबुर्ज येथे त्यांनी एक छोटे लखनौच वसविले. गवयी, नर्तक, पतंगबाज, शिंपी, आचारी असे सारे तेथे होते. याच वसाहतीतून कलकत्त्याच्या बिर्याणीचा उगम झाल्याचे मानले जाते. तिची खूण म्हणजे भातात मांसाबरोबर दडलेला एक मोठा बटाटा. निर्वासित राजाला मांस परवडेना, म्हणून खानसाम्यांनी बटाटा घालून देग भरली, असे सर्रास सांगितले जाते.

ही कथा ऐकायला करुण असली, तरी पटणारी नाही. वाजिद अली शाह यांना वर्षाला बारा लाख रुपये तनखा होता. शरर यांच्या लेखनानुसार कबुतरांच्या एकाच जोडीसाठी त्यांनी चोवीस हजार रुपये मोजले आणि खासगी प्राणिसंग्रहालयावर दरमहा हजारो रुपये खर्च केले. ज्याला कबुतरांसाठी एवढा पैसा होता, त्याला बोकडाच्या मांसाची चिंता असेल काय? त्यांच्या वंशजांनीही गरिबीची कथा नाकारली आहे. बटाटा हे त्या काळी तुलनेने नवे पीक होते. पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या या कंदाचे नावही मराठीने त्यांच्याकडूनच घेतले. मुरंब्याचे रूप घेतलेला कोरमा वाढणाऱ्या मुदपाकखान्याला असा नवा पदार्थ केवळ हौसेपोटीही वापरावासा वाटला असेल. तुपाचा आणि केशराचा रस शोषून घेतलेला हा बटाटा आता कोलकात्यात बिर्याणीच्या प्रत्येक थाळीत अपेक्षित असतो. तो वाढला नाही, तर गिऱ्हाईक तक्रार करते.

लखनौत राहिलेल्या आचाऱ्यांचे आश्रयदाते गेले. पदच्युत दरबाराची आणि अमीर-उमरावांची पाककला हळूहळू बाजाराच्या आश्रयाला आली. चौकात १९०५ मध्ये सुरू झालेले 'टुंडे कबाबी' हे दुकान याच परंपरेतले. एके काळी मोजक्या पंगतीसाठी राखलेली चव तेथे पानावर, चार पैशांत, कोणालाही मिळू लागली.

वाजिद अली शाह यांना ती चाखता आली नाही. सप्टेंबर १८८७ मध्ये मटियाबुर्ज येथे त्यांचे निधन झाले. तोवर एकतीस वर्षे उलटली होती आणि त्यांनी लखनौ पुन्हा पाहिले नव्हते. त्यांच्यामागे वसाहत उठली, बहुतेक इमारती गेल्या आणि खानसामे कामाच्या शोधात कलकत्ता शहरात पांगले. त्यांनीच बांधलेला सिब्तैनाबाद इमामबाडा मात्र उभा आहे. त्यांची कबर तेथे आहे.