सयाजीराव आणि ग्रंथपालाचे शिक्षण

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्यास अक्षरओळखही नव्हती. त्याच सयाजीराव गायकवाडांनी पुढे अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणले. ग्रंथखरेदीवर ते थांबले नाहीत; १९११ साली ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग निघाला, पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यांत गेली. ग्रंथ वाचकापर्यंत नेणारा माणूस घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. १९३९ साली ते निवर्तले. आज कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात या शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अभ्यासक्रम कोठलाही निवडावा. पण तेथे वर्गीकरणाच्या नियमांबरोबर वाचकाशीही गाठ पडते काय, हे विद्यार्थ्याने आधी पाहावे.