वेदीपाशी सगळे एक
आजचं वचन : गलतीकरांस पत्र 3:28

प्रियांनो, हे वचन वाचलं की मला पाळक पॉली मरे आठवतात. 1940 मध्ये व्हर्जिनियात बसमधल्या काळ्यांसाठीच्या मोडक्या सीटवर बसायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली. स्त्री म्हणून हार्वर्डने प्रवेश नाकारला. त्यांचं प्रेम स्त्रियांवर होतं, आणि आपण आतून पुरुष आहोत असंही वाटे. त्या काळी हे उघड बोलायची सोय नव्हती.

1977 मध्ये, 66व्या वर्षी, त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. चॅपल हिलच्या ज्या चर्चमध्ये गुलाम आजीचा बाप्तिस्मा झाला होता, तिथेच त्यांनी पहिल्यांदा प्रभुभोजन दिलं. गोरे-काळे एकत्र आले.

आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर कोण घाबरून बसलंय? या रविवारी मी तिथे बसणार. तुम्हीही बसाल ना? आमेन.