लहान विमानांचा मोठा शिल्पकार : डॉ. विष्णू माधव घाटगे

विद्येच्या देवतेच्या या उत्सवात एका विद्यावंताचे स्मरण करू या. पूर्वजांनी गाव सोडून माळव्याची वाट धरली आणि सोनकच्छला आपले मानले, अशा आपल्या घराण्यांना डॉ. घाटगे यांची वाटचाल जवळची वाटेल.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या खेड्यात झाला. मुंबईत शिक्षण घेऊन ते जर्मनीत गॉटिंगेनला गेले आणि वायुगतिशास्त्राचे महर्षी लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. डॉ. घाटगे तेथे रुजू झाले.

त्या काळी कारखान्यात परदेशी विमानांची जुळणी आणि महायुद्धामुळे दुरुस्ती चाले. विमानाचा आराखडाही आपलाच असावा, हा विचार धाडसाचा होता. घाटग्यांनी आधी इंजिनाविना उडणारे दहा आसनी ग्लायडर केले, मग एचटी-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान.

लहान विमान म्हणजे सोपे काम नव्हे. वजन वाढले तर विमान नीट चढत नाही. अवाजवी घटवले तर सांगाडा दगा देतो. त्यातच एक दिवस शिक्षक खाली उतरतात आणि शिकाऊ वैमानिक प्रथमच एकटा आकाशात जातो. त्याची लहानसहान चूक सांभाळून घेणारे विमान हवे. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ प्रथम उडवले. पुढे तीन दशकांहून अधिक काळ हवाई दलाने ते प्रशिक्षणासाठी वापरले. घानालाही बारा विमाने गेली.

१९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आले. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड आणि शेजारीशेजारी दोन जागा. घडण अमेरिकेच्या एरोंका विमानाच्या वळणाची होती. चांगले ते घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. हौसेने उडू पाहणाऱ्या तरुणांना देशात बनलेले विमान मिळाले. या अनुभवाच्या पायावर १९६४ मध्ये किरण हे जेट प्रशिक्षण विमान झेपावले. १९६५ मध्ये डॉ. घाटगे यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

गणपतीच्या सजावटीसाठी पुठ्ठ्याचे विमान कापणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव जरूर सांगावे.