हिशेबनिसाची आगगाडी

देहूरोडच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा आमचं बिऱ्हाड लोहमार्गापासून हाकेच्या अंतरावर होतं. लोणावळ्याची लोकल, न थांबता धडधडत जाणारी डेक्कन क्वीन, मालगाड्यांची लांबच लांब रांग या साऱ्यांच्या वेळा माझ्या मुलाला पाठ होत्या. १९८४ च्या दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या मेहुण्याने त्याच्यासाठी विजेवर चालणारी छोटी आगगाडी आणली. उत्साहाच्या भरात मी तिचा कंट्रोलर भिंतीतल्या सॉकेटला जोडला. तो ११० व्होल्टचा आणि आपली वीज २३० व्होल्टची! क्षणात धूर निघाला. मुलाने रडू आवरलं, तेच मला अधिक लागलं.

दुसरा कंट्रोलर परदेशातून मागवणं माझ्या पगारात बसणारं नव्हतं. त्याच दिवसांत फ्रँक हॉर्नबी या माणसाचं चरित्र वाचनात आलं आणि मला धीर आला. कारण हा जगप्रसिद्ध खेळणीवालाही मुळात माझ्यासारखाच खतावण्या लिहिणारा कारकून होता.

हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलला झाला. वडील खाद्यपदार्थांचे व्यापारी. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्याच दुकानात हिशेब लिहू लागला. १८८७ साली त्याने क्लारा या शिक्षिकेशी लग्न केलं. १८९९ मध्ये वडील वारले, धंदा बंद पडला आणि छत्तिशीतला फ्रँक मांसाची आयात करणाऱ्या डेव्हिड एलियट यांच्या पेढीवर हिशेबनीस म्हणून लागला. इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही, गाठीला पैसा नाही. होती फक्त घरच्या घरी काही ना काही जुळवण्याची हौस.

रोलंड आणि डग्लस या आपल्या मुलांसाठी तो संध्याकाळी पत्रा कापून पूल, ट्रक, क्रेन बनवी. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापायचे, आणि खेळणं मोडलं की ते वाया जायचे. मग त्याला सुचलं, की पट्ट्या ठरावीक मापाच्या केल्या, त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं पाडली आणि नट-बोल्टने जोडल्या, तर त्याच पट्ट्यांतून आज क्रेन आणि उद्या पूल उभा करता येईल. पेटंट घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा मालकाकडून पाच पौंड उसने घेतले. जानेवारी १९०१ मध्ये त्याने अर्ज केला. उसने देणारे एलियट पुढे त्याचे भागीदार झाले. १९०७ साली या खेळाला ‘मेकॅनो’ हे नाव मिळालं आणि १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला.

१९२० साली आली हॉर्नबीची आगगाडी. ती चावीवर चालायची आणि तिचे भागही बोल्टने जोडलेले असत, म्हणजे मुलांनी ती खोलावी आणि पुन्हा जुळवावी! १९२५ मध्ये विजेवरची गाडी आली, आणि इथे मात्र या चाणाक्ष माणसाची उडी जरा लांबच गेली. तिचा एक प्रकार थेट घरातल्या विजेवर, मध्ये दिव्याचा रोध घालून चालवायचा होता. इंजिन रुळावर असेतो दिवा बराचसा दाब गिळून टाकी. पण रूळ रिकामे असले तर त्यांच्यात पुरता दाब यायचा. मुलांच्या हाताशी असा धोका ठेवणं बरं नव्हे. कंपनीने तो प्रकार मागे घेतला आणि गाड्या सहा व वीस व्होल्टवर आणल्या.

गंमत अशी, की त्याच सुमारास, म्हणजे १९३० पर्यंत, आपल्या कल्याण-पुणे मार्गावर १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर गाड्या धावू लागल्या होत्या. त्या इंजिनांचा वेगही रोधांनीच आवरत असत. चालक हँडल फिरवी तसतसे रोध वगळले जात आणि गाडी वेग घेई. खेळण्यातली गाडी असो वा डेक्कन क्वीन, तत्त्व एकच.

हॉर्नबी १९३१ साली पार्लमेंटात निवडून गेला, प्रकृती खालावल्यावर १९३५ मध्ये त्याने राजकारण सोडलं आणि २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्याचं निधन झालं. बारा व्होल्टवर धावणाऱ्या त्याच्या नावाच्या लहान गाड्या १९३८ साली बाजारात आल्या. त्या पाहायला तो नव्हता. १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखानाही बंद पडला.

हे वाचून मी एका रविवारी पुण्याला तापकीर गल्लीत गेलो. २३० चे बारा व्होल्ट करणारा ट्रान्स्फॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर आणि दिशा बदलायला एक दुहेरी स्विच घेतला. वेगासाठी आधी नुसता तारेचा ऱ्हिओस्टॅट लावला. पण सुटताना मोटर जास्त प्रवाह ओढते, तेवढा दाब ऱ्हिओस्टॅटच खाऊन टाकतो. त्यामुळे गाडी आधी हलेना, आणि हलली की ससाण्यासारखी झेप घेऊन वळणावर कोसळे. मग डेपोत काम करणाऱ्या शेजाऱ्यांनी पॉवर ट्रान्झिस्टर जोडायला शिकवलं. बटण फिरवून त्याला छोटासा इशारा द्यायचा. प्रवाह कमी-जास्त झाला तरी तो दाब जवळपास स्थिर राखतो. गाडी स्टेशनातून सुटावी तशी संथ सुटू लागली. सारं बसवलं जुन्या बिस्किटांच्या डब्यात; मात्र २३० व्होल्टची बाजू शेजाऱ्यांनी स्वतः नीट बंदिस्त करून दिली.

शेवटी त्यांनी मोटारीचा बारा व्होल्टचा एक दिवा रुळांकडे जाणाऱ्या तारेत जोडला. डबा घसरून शॉर्ट झाला, की दिवा पेटतो आणि प्रवाह स्वतःवर झेलतो, ट्रान्झिस्टर वाचतो. हॉर्नबीचाच दिवा तो, पण या वेळी राखणीला बसलेला.

मुलगा आता पन्नाशीकडे झुकलाय. डबा अजून चालतो. परवा नातवाची गाडी वळणावर घसरली आणि दिवा लागला. मी उठणार, तोच त्याने डबा रुळावर ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला. त्याला आत काय आहे ते पाहायचं होतं. मी आधी प्लग काढला आणि मग त्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर दिला.